रंगाऱ्याच्या घरातले चतुर

पाण्यावर भिरभिरणारा चतुर काडीवर बसला की त्याचा रंग बघू नका, पंख बघा. हे मी आयुष्यभर कानीकपाळी ओरडत आलो आणि लोक आयुष्यभर रंगच बघत आले. लाल आहे, लाल आहे म्हणून बोट दाखवतात आणि पुढे चालू लागतात. अरे बाबांनो, लाल तर मिरचीही असते. तो बसलाय कसा ते बघा. पंख आडवे पसरून बसला तर चतुर. पाठीवर मिटून, हात जोडल्यासारखी बसली तर त्याची बारीक चुलत बहीण, टाचणी. डोळे एकमेकांना चिकटलेत? चतुर. दोन बाजूंना दोन डोळे आणि मध्ये मोकळं कपाळ? टाचणी. एवढं कळलं तरी अर्धी लढाई जिंकली, आणि यात रंगाचं नावसुद्धा कुठे आलं नाही.

माझं हे तावातावाने बोलणं घरच्यांच्या सवयीचं झालंय. नातवंडं तर माझी नक्कल करतात. करू देत. पण या तावामागे एक गोष्ट आहे, ती पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली, चिंचवडची.

आमचं घर रंगाऱ्याचं. पवनेच्या काठाला लागून घर, घराच्या मागच्या पडवीत चुली, चुलींवर तांब्याचे हंडे. चाकणच्या बाजारातून फेट्यांचे, लुगड्यांचे, उपरण्यांचे गठ्ठे यायचे आणि रंगून परत जायचे. रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे तेव्हा कंपन्यांच्या भिंती नुकत्या उठायला लागल्या होत्या, बाकी सगळं बाभळी आणि बाजरी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांचा हात असा की एकदा बघितलेला रंग सहा महिन्यांनी न बघता उतरवून दाखवायचे. घरात आई, मी आणि माझ्यापाठची बहीण. पोरगा मी एकटाच. म्हणजे हंडा पुढे कुणाच्या हातात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्याकडे काम होतं ते रंगलेलं कापड नदीवर खळबळून आणायचं आणि काठावरच्या खडकांवर वाळत घालायचं. कापड वाळेपर्यंत राखण. गुरं फिरकू द्यायची नाहीत, कुत्री लोळू द्यायची नाहीत. बाकी दोन-तीन तास नुसतं बसायचं. दुसरा कुणी असता तर झोपला असता. मी चतुर बघायला लागलो, आणि एकदा बघायला लागलो ते सुटेचना.

काय सांगू तुम्हाला. एक मोठा चतुर होता, तो पाण्याच्या कडेने ठरावीक जागेत येरझारा घालायचा. या खडकापासून त्या उंबरापर्यंत, परत फिरायचा, पुन्हा या खडकापासून. हद्दीत दुसरा शिरला की अंगावर धावून जायचा. त्याला मी हवालदार म्हणायचो. दुसरा एक भर दुपारी लव्हाळ्याच्या शेंड्यावर बसून शेपूट थेट सूर्याकडे उभं करायचा. मला आधी वाटलं ऐट करतोय. मग आठ दिवस बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला, गड्याला ऊन लागतंय. शेपूट उभं केलं की अंगावर ऊन कमी पडतं. त्या दिवशी मी खडकावर एकटाच हसत बसलो होतो. तिसरा होता भटक्या. तो बसायचाच नाही, पावसाच्या शेवटी थव्याने यायचा आणि नुसता तरंगत राहायचा. त्याच्या माद्या आमच्या पडवीत येऊन गार झालेल्या हंड्यातल्या पाण्यावर शेपटीचं टोक टेकवून अंडी घालायच्या. निळीच्या पाण्यात अंडी घालणाऱ्या त्या येड्यांना हाकलता हाकलता आई दमून जायची.

अशी मी प्रत्येकाला नावं ठेवली होती. त्यात रंगावरून ठेवलेलं नाव एकही नव्हतं. कारण साधं आहे. मला तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

रंगाऱ्याच्या पोटी रंगांधळा. देवाची थट्टा म्हणतात ती हीच. निळा मला लख्ख दिसतो, पिवळा भडक असला तर दिसतो, मळका असला की तोही तांबड्यात हरवतो. पण तांबडा, हिरवा, विटकरी, शेवाळी हे सगळे माझ्या लेखी एकाच मळकट घरातले भाऊ. कुणी थोडा गडद, कुणी थोडा फिका, एवढंच. लहानपणी वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं आणि लोक उगाच दोन नावं वापरतात. खरं कळलं तेव्हा दातखीळ बसली. बोललो नाही कुणाला. कसा बोलणार? सुताराच्या पोराने मला लाकूड दिसत नाही म्हणायचं का?

अठराव्या वर्षी भांडं फुटायची वेळ आली होती. आबा बाहेरगावी गेले होते आणि मी एकट्याने एक फेटा रंगवायला घेतला. लग्नातल्या मामाचा फेटा, तांबडा हवा होता. मी झकास रंगवला, खळबळून वाळत घातला, इस्त्रीसुद्धा केली. मामा न्यायला आला आणि फेट्याकडे बघतच राहिला. फेटा हिरवागार होता. तेवढ्यात आबा आले. त्यांनी फेटा हातात घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मामाला म्हणाले, "पावनं, माझा हात चुकला. मापी करा. उद्या नवा देतो." मला नंतर फक्त एवढंच म्हणाले, "ध्यान कुठं आसतं रं तुझं?" मी म्हटलं, नदीवर. खोटंही नव्हतं ते.

दोन वर्षांनी, मी विशीत असताना, गणपतीच्या सुमाराला आबांनी जेवताना सहज सांगितलं, "औंदा तुळशीचं लगीन लागलं की हंडा तुझ्या हातात. माझं गुडघं आता चुलीम्होरं बसू देत न्हाईत." तुळशीचं लग्न म्हणजे लग्नसराईची सुरुवात. सगळ्या मुलखाचे फेटे, आणि फेट्यांत निम्मे तांबडे. मी भाकरी तशीच ठेवून उठलो. आबांनी चाळीस वर्षं कमावलेलं नाव मी एका आठवड्यात पवनेत बुडवणार होतो. एकच मार्ग होता, त्याआधी दुसरं काहीतरी काम धरायचं. पण मी होतो सातवी पास, आणि येत होतं काय, तर चतुर बघणं.

आणि नेमकं तेच येणारा कुणीतरी शोधत एक माणूस नदीवर आला.

अर्धी खाकी चड्डी, डोक्यावर टोपी, हातात लांब दांड्याची पांढरी जाळी. हा माणूस चिखलातून चतुराच्या मागे पळत होता आणि दर दहा पावलांना आपटत होता. पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर होते ते, पण मला काय माहीत. मी आपला खडकावरून ओरडलो, "अहो, पळू नका. तो परत त्याच काडीवर येणार. काडीजवळ बसा."

ते बसले. चतुर आला, त्याच काडीवर टेकला, सरांनी जाळी फिरवली आणि मिळाला. सर माझ्याकडे वळले. "तुला कसं माहीत?"

"तो रोज तिथेच बसतो."

"आज इथे साधारण किती प्रकार असतील?"

"सकाळपासून अकरा. सात चतुर, चार टाचण्या."

सरांना वाटलं थापा मारतोय. म्हणाले, दाखव. मग आमची जी वरात निघाली, विचारू नका. कापडं राहिली बाजूला. मी पुढे, सर मागे, गुडघाभर पाण्यात. हा हवालदार. हा शेपूट उभं करणारा. ही टाचणी पंख अर्धे उघडे ठेवते, बाकीच्या मिटतात, म्हणून ही वेगळी. याच्या मागच्या पंखाच्या बुडाशी चहा सांडल्यासारखा डाग आहे, त्याच्या पंखाला नाही, म्हणून हे दोन वेगळे. ऊन कलेपर्यंत अकराच्या अकरा दाखवले. सर काठावर मटकन बसले आणि हसायला लागले. मला म्हणाले, माझी एमएस्सीची पोरं वर्षभरात सहा ओळखतात रे.

त्यांना एक माणूस हवा होता. चिंचवडपासून चाकणपर्यंतची तळी, डोह, भातखाचरं हिंडून चतुरांचे नमुने आणायचे आणि नोंदी लिहायच्या. कॉलेजातली कायमची जागा, पण एकच, आणि सरांचे दोन पदवीधर विद्यार्थी आधीच तिच्यावर डोळा ठेवून होते. सर म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या रविवारी दिघीच्या तळ्यावर ये. तोवर जमतील तेवढ्या प्रकारांची यादी कर. कसा बसतो, पंख कसे, डोळे कसे, सगळं लिही. आणि जिवंतपणीचा रंग लिहायचाच. तो सगळ्यात महत्त्वाचा."

"रंग कशाला?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

सरांनी खिशातून कागदाचं तिकोनी पाकीट काढून उघडलं. आत आदल्या दिवशीचा चतुर. "हा काल लालबुंद होता. आज बघ, पार तपकिरी. मेल्यावर रंग राहत नाही, म्हणून जागेवर लिहून घ्यावा लागतो." मी बघितलं. मला तो कालही तसाच दिसला असता. मान तेवढी डोलावली.

जाताना त्यांनी आपली एक जादा जाळी मला दिली. वर म्हणाले, "पांढरी लांबून चमकते, चतुर बिथरतो. तुम्ही रंगारीच आहात, हिरवी करून घे." मी म्हटलं, करतो. आणि ती जाळी तशीच पांढरी गवताच्या गंजीत खुपसून ठेवली. मी हिरवी करायला जायचो आणि निघायची भलतीच.

बहिणीला सांगावंच लागलं. ती सतरा-अठराची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि तिची नजर म्हणजे थेट आबांची नजर. ऐकून तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "म्हंजी तो मामाचा फेटा..." म्हटलं, होय तोच. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली, "आण तुझं किडं. मी सांगते रंग."

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. पाकिटं दहा-वीस, कुठलं कुठल्या रंगाचं ते मी विसरणार. तेव्हा गाठींची युक्ती सुचली. ती काही माझी नव्हे. पडवीतल्या आमच्या रंगाच्या डब्यांच्या गळ्यात आबांनी सुती दोरे बांधलेले होते आणि दोऱ्यांना गाठी. तांबड्याला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन, निळ्याला चार. अंधारात हात लावून डबा ओळखता यावा म्हणून, असं आबा म्हणायचे. त्या गाठींच्या जिवावर मी दोन वर्षं डबे बिनचूक उचलून देत आलो होतो. तेच आम्ही पाकिटांना केलं. मी जिवंत चतुर ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा, तिने उजेडात धरून रंग बघायचा, पाकिटाच्या टोकाला दोरा, दोऱ्याला गाठी. आणि वहीत तिच्या तोंडचे शब्द.

तिचे शब्द तरी काय एकेक. "दादा, ह्यो नुसता तांबडा न्हाई, डाळिंबी हाय." "ही टाचणी आबोली. व्हय, आबोलीच, फुलं ठिवून बघ." "ह्येचं डोळं मोरपंखी आन् अंग राखाडी, वर पावडर फासल्यावाणी." मी भराभर लिहायचो. मला त्यातलं काही दिसत नव्हतं, पण ऐकताना असं वाटायचं की माझ्या हातातलं पाखरू दुसऱ्यांदा उडालं.

ते महिना-सवा महिना मी जितका पळालो तितका कधी पळालो नाही. सकाळची कापडं वाळत टाकायची, राखणीला आईला बसवायचं आणि सायकल हाणायची. देहूच्या डोहावर एक चतुर मिळाला त्याच्या पंखांना निम्म्यापर्यंत काळा रंग, उडताना फुलपाखरूच वाटायचं. कुरुळीच्या भातखाचरात सुईपेक्षा बारीक टाचणी सापडली. गवतात ती दिसायचीच नाही, फक्त शेपटीच्या टोकाचा निळा ठिपका तरंगताना दिसायचा. निळा मला दिसतो ना. त्या ठिपक्यामागे मी अर्धं खाचर रांगलो आणि मिळाल्यावर बांधावर उताणा पडून राहिलो. खाचराचा मालक येऊन विचारता झाला, "काय रं, साप चावला काय?" दिघीला तळ्याच्या अलीकडे लष्कराची हद्द, तिथल्या पहारेकऱ्याने मला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या बोटावर एक जिवंत टाचणी बसवली. त्यानंतर तोच मला लांबून हाका मारून कुठे काय बसलंय ते सांगायचा.

बावीस झाले आणि तेविसाव्यावर घोडं अडलं.

दिघीच्या तळ्यात पाणकणसांवर दोन चतुर शेजारी शेजारी बसायचे. माझ्या डोळ्याला ते एकच. पाठीवरून जाणारी बारीक काळी रेघ तीच. मागच्या पंखाच्या बुडाशी पिवळसर डाग तोच. बसायची ढब, उडून परत काडीवर येणं, सगळं तेच. फरक एवढाच, एकाच्या पोटाखाली, छातीजवळ, बारीक फुगवटा, दुसऱ्याला तो नाही. पण फुगवटा इतर नरांनाही असतो हे मी बघितलं होतं. म्हणजे एक नर, एक मादी. झालं. पण घरी आणले तर बहिणीने एकाला एक गाठ मारली आणि दुसऱ्याला तीन.

"अगं, एकच आहेत ते."

"डोळं फुटलं काय तुझं? ह्यो कुंकवासारखा तांबडा आन् ही मुरमासारखी मळकी पिवळी. एक कसं?"

"रेघ बघ. पंखाचं बूड बघ."

"दादा," ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुला दिसत न्हाई म्हणून तुला एक वाटतंय."

हे मात्र मला लागलं. मी वही आपटली, बाहेर जाऊन बसलो. पण तिचं म्हणणं खोटं कसं म्हणायचं? ज्याला तांबडं-हिरवं कळत नाही त्याने रंगाच्या वादात कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि सरांनी विचारलं, रंग वेगळे असून एक कसे म्हणतोस, तर? मग सगळंच बाहेर येणार. मी मुकाट वही उघडली आणि दोन वेगळे लिहिले. तेवीस आणि चोवीस.

रविवारी दिघीला गेलो. सर होते, ते दोन विद्यार्थी होते, त्यांच्या जाळ्या हिरव्या, बूट गुडघ्यापर्यंतचे. सरांनी माझी जाळी बघितली. "अजून पांढरीच?" मी म्हटलं, राहून गेलं. 

तासभर सरांनी विचारलं आणि आम्ही सांगितलं. माझं वाईट चाललं नव्हतं. एका टाचणीवर दोघेही अडले तिथे मी तिचे अर्धे उघडे पंख दाखवले. मग सर पाणकणसांपाशी जाऊन उभे राहिले. शेजारच्या दोन काड्यांवर तेच दोघे बसले होते.

"हे किती प्रकार?" सरांनी विचारलं.

"दोन," पहिला म्हणाला. "दोन," दुसरा म्हणाला. "एक स्कार्लेट आहे सर, एक यलो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वहीत दोन लिहिलेले. नुसतं दोन म्हणायचं होतं, तिघेही सारखे, पुढचा प्रश्न. जागा गेली नसती. पण तेवढ्यात त्यातला एक उडाला, दुसऱ्यावर झेपावला, शेपटीच्या चिमट्याने तिची मान धरली आणि दोघं जोडीने पाण्यावर गेली. सुटल्यावर ती पाण्यावर शेपूट आपटत अंडी घालायला लागली आणि हा तिच्या डोक्यावर पहारा देत घिरट्या घालायला लागला. समोर, ढळढळीत. आणि हे दोघे विद्यार्थी बाजूला उभे राहून स्कार्लेट आणि यलो म्हणतायत. माझं डोकंच सरकलं.

"एक," मी म्हणालो. "एकच आहेत. तो नवरा, ती बायको. रेघ एक, पंखाचा डाग एक. माझ्या वहीत दोन लिहिलंय ते चूक आहे, मी भीतीने लिहिलं."

सरांचे डोळे चमकले. "बरोबर. तीन वर्षं मी हे दोघे पोरांसमोर ठेवतोय, प्रत्येक जण दोन म्हणतो. रंग फसवतो. तुला कसा नाही फसवला?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "मला तो दिसतच नाही सर. तांबडा-हिरवा कळत नाही मला. जन्मापासून."

 सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अरे, पण मला तर रंग लिहून आणणारा माणूस हवाय. बाकीचं सगळं पंख ठेवले की राहतं. रंगच तेवढा राहत नाही."

मी जाळी उचलली. पण सर माझी वही चाळत होते. चाळता चाळता थांबले. "डाळिंबी. आबोली. राखाडीवर पावडर. हे असं मी कुठल्या पुस्तकातसुद्धा वाचलं नाही. हे कुणी सांगितलं तुला?"

"धाकट्या बहिणीने."

सर त्या दोन विद्यार्थ्यांकडे बघून हसले, मग माझ्याकडे. "जागा तुझी. पण ती बरोबर असेल तर. परवा सकाळी देहूला या, दोघं. वडिलांना विचारून या, आणि काय आहे ते त्यांना खरं सांगून या. चोरून आलेली पोरं मला नकोत."

चिंचवडपर्यंत सायकल कशी मारली ते आठवत नाही. आनंदाने पाय पेडलवर ठरत नव्हते आणि भीतीने घर जवळ यायला नको होतं, दोन्ही एकदम. लग्नाच्या पोरीला तळ्या-डोहांवर पाठवा म्हणायचं, आणि वर हे सांगायचं की तुमचा एकुलता एक वारस हंड्याला हात लावायच्या लायकीचा नाही.

आबा पडवीत दोरीवरची लुगडी काढून घड्या घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चतुर, सर, हिरवी करायची राहिलेली जाळी, जागा, बहीण. शेवटी ते. "आबा, मला तांबडा आणि हिरवा एकच दिसतात. तो फेटा ध्यान नव्हतं म्हणून चुकला नाही. हंडा मला जमणार नाही."

आबांनी घडी पुरी केली. तिच्यावर हात फिरवला. मग डब्यांच्या फळीकडे बोट करून म्हणाले, "त्या गाठी कशापायी मारल्यात?"

"अंधारात डबे ओळखायला."

"रंगारी कधी अंधारात रंगवतो काय रं?"

मी डब्यांकडे बघितलं. तांबड्याला एक गाठ, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन, निळ्याला चार. फेट्याच्या आधी त्या तिथे होत्या का, हे मी आठवून बघितलं. नव्हत्या.

"तुमाला ठावं होतं?"

"फेटा बघितला तवाच. तुज्या आज्याचं, आईच्या बापाचं, आसंच होतं." त्यांनी दुसरं लुगडं उचललं. "म्हटलं तू बोलशील. तू बोलंना. मग म्हटलं गाठीवर जमलं तर बघू. हंडा घे म्हटलं, तवा तरी तोंड उघडशील वाटलं."

मला हुंदका आला. विशीतला घोडा मी, आईसमोर, बहिणीसमोर रडलो. आबा घड्याच घालत राहिले. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला ने. पर दुपारच्या भाकरीला दोगं घरी पायजेत." मग आईकडे वळून म्हणाले, "पोरीची असली नजर हंड्यात तरी कुठं कामाला येतीया आता. गिरणीचं पक्क्या रंगाचं कापड निघालंय."

सरांनी सांगितलेल्या सकाळी मी उठलो तेव्हा बहीण न्हाऊन, पदर खोचून, पाकिटांची चळत हातात घेऊन सायकलपाशी उभी होती. मी गवताच्या गंजीत हात घालून जाळी शोधायला लागलो. जाळी तिथे नव्हती. सगळी गंजी विस्कटली, शिव्या घातल्या, बहिणीवर ओरडलो.

तिने पडवीकडे मान वळवली. जाळी दोरीवर टांगली होती, अजून थोडी ओलसर. पांढरी नव्हती, एवढं मलाही कळलं. कडीला डब्यांसारखाच एक सुती दोरा बांधलेला होता. मी तो बोटांत धरून चाचपला. दोन गाठी होत्या.